पेटीतला चौथा धागा

विणकाम करणाऱ्या बाईची पेटी कधी रिकामी होत नाही. बीडसारख्या गावात ही पेटी म्हणजे बहुधा पलंगाखालची लोखंडी ट्रंक, नाहीतर कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा. भाचीच्या बाळंतविड्यासाठी आणलेल्या पिवळ्या लोकरीच्या दोन उरलेल्या गुंड्या, नवऱ्याच्या जुन्या स्वेटरची उसवलेली लोकर, तोरणाचा पांढरा दोरा, अर्धवट विणलेली एक बाही आणि तिच्यात तशाच अडकून राहिलेल्या सुया. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत हे सगळं बाहेर निघतं, उन्हात पडतं आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून परत आत जातं. डिसेंबरात थंडी पडली की त्यात चार गुंड्यांची भर पडते.

घरातली माणसं याला हौस म्हणतात, पण पेटी भरण्यामागे हिशेबही असतो. मोठ्या माणसाच्या अंगभर स्वेटरला चारशे ते पाचशे ग्रॅम लोकर लागते. नेमकी किती, ते टाका घट्ट की सैल, नक्षी कोणती, यावर ठरतं. वेण्यांची नक्षी साध्या सुलट विणीपेक्षा जास्त लोकर खाते. मध्येच लोकर संपली तर तोच रंग पुन्हा मिळेल याची खात्री नसते, कारण कारखान्यात रंगाची प्रत्येक घाणी थोडी वेगळी उतरते. म्हणूनच गुंडीच्या वेष्टणावर रंगाच्या क्रमांकासोबत लॉटचाही क्रमांक छापलेला असतो. दुकानात दोन लॉट सारखेच दिसतात. विणून उन्हात धरले की छातीवर आडवी रेघ उमटते. ती टाळण्यासाठी अनुभवी बाई एक-दोन गुंड्या जास्तच आणते, आणि त्या उरतात.

शिवाय मराठीत माग चालवणं, सुया चालवणं, बाज भरणं या सगळ्याला आपण ‘विणणं’च म्हणतो, पण मागावरचं कापड आणि सुयांवरचं कापड यांत मोठा फरक आहे. मागावर उभे धागे ताणून त्यांतून आडवा धागा नेतात. ते कापड फाटलं की फाटलं. सुयांवरच्या कापडात एकच धागा टाक्यातून टाक्यात ओवला जातो. बांधलेलं टोक सोडून ओढलं की अख्खा स्वेटर तासाभरात पुन्हा गुंडी होतो. मूल वाढलं, स्वेटर उसवला, लोकर पेटीत गेली. फाटलेलं लुगडं वाकळीत जातं आणि तिथेच संपतं. लोकर मात्र पुन्हा पुन्हा परत येते.

आता ही पेटी उघडून एक प्रश्न विचारू: यातली लोकर कोणत्या मेंढीची?

बहुतेक वेळा उत्तर येईल, कोणत्याच नाही. बीड जिल्ह्यात तीन धागे तयार होतात. कापूस रानात, लोकर मेंढीच्या अंगावर आणि रेशीम तुतीच्या पानावर. पेटीतली सगळी जागा मात्र चौथ्याच धाग्याने अडवलेली असते.

चौथा धागा

बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारी रंगीत गुंडी बहुतांशी अ‍ॅक्रिलिकची असते. खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनाचं हे एक प्रकारचं प्लॅस्टिक. ते विरघळवून बारीक भोकांच्या चाळणीतून शेवयांसारखं बाहेर काढतात आणि ताणून त्याचे तंतू करतात. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने १९५० च्या सुमारास ‘ऑरलॉन’ या नावाने असा धागा बाजारात आणला. आपल्याकडे लुधियानाच्या गिरण्यांनी तो गावोगावच्या दुकानांत पोचवला.

त्याचा लोकरीसारखा फुगीरपणा ही एक युक्ती आहे. वाफेत आकसणारे आणि न आकसणारे तंतू एकत्र कातायचे, मग वाफ द्यायची. पहिले तंतू आखडतात, दुसऱ्यांच्या कमानी होऊन त्या बाहेर फुगतात. या कमानींमध्ये हवा अडकते आणि ऊब धरते.

या धाग्याने बाजार जिंकला तो गुणांवर. तो स्वस्त आहे, पन्नास रंगांत मिळतो, धुतल्यावर आटत नाही, कसर त्याला खात नाही, अंगाला टोचत नाही. मात्र तो घाम फारसा शोषत नाही, आणि आगीजवळ तो जळता जळता वितळतो. ही दुसरी गोष्ट आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवी. न्हाऊ घातल्यावर बाळाला धुरी देण्याची, बाळंतिणीला शेक-शेगडी करण्याची पद्धत अजून अनेक घरांत आहे. विणलेलं टोपडं घातलेलं बाळ निखाऱ्याजवळ नेऊ नये. सुती कापड जळून राख होतं, अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं.

आपल्याजवळचा धागा कोणता हे ओळखायची जुनी परीक्षाही जाळूनच करतात. बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवायचा. जळक्या कागदाचा वास आला आणि करडी, भुरभुरीत राख पडली तर सूत. केस जळल्याचा वास, मंद धुमसणं आणि बोटांनी चुरडणारी काळी गुठळी म्हणजे लोकर किंवा रेशीम. काळा धूर, उग्र वास आणि मागे कडक, न फुटणारा मणी राहिला तर अ‍ॅक्रिलिक. लोकर आणि रेशीम प्राण्यांपासून आलेली प्रथिनं आहेत, आपल्या केसांसारखीच. म्हणून वासही केसांचाच येतो.

रानातला धागा

गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागात दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते. वेचलेल्या कापसात वजनाने सुमारे दोन तृतीयांश सरकीच असते. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाली की उरते ती रुई. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते. रुईची एक गाठ १७० किलोची, म्हणजे एका गाठीमागे पाच क्विंटल कापूस. गाठी दाबून झाल्या की ट्रकमध्ये चढतात आणि सूतगिरण्यांच्या वाटेला लागतात.

गिरणीत या रुईचं काय होतं ते अंतराच्या हिशेबात पाहण्यासारखं आहे. सुताचा बारीकपणा ‘काउंट’मध्ये मोजतात. ८४० यार्डांची एक लडी धरायची आणि एका पौंडात अशा किती लड्या बसतात ते मोजायचं. वीस बसल्या तर वीस काउंट. या हिशेबाने वीस काउंटच्या एक किलो सुताची लांबी सुमारे ३४ किलोमीटर भरते. बीडहून निघालेलं टोक जवळजवळ गेवराईला पोचेल, तेही किलोभर रुईत!

हाच धागा पुढे क्रोशाच्या दोऱ्याच्या रूपात आपल्या पेटीत परततो, पण वेगळ्याच झळाळीने. ही झळाळी मर्सरायझिंगची. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्यात सूत बुडवून पाहिलं. तंतू फुगले, सूत मजबूत झालं, रंग चांगला धरू लागलं, पण आटलं. पुढे १८९० मध्ये होरेस लोव यांनी तेच सूत ताणून धरून बुडवलं. मग ते आटलं नाही, उलट रेशमासारखं चमकू लागलं. दारावरचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, देवघरातलं आसन या सगळ्याची चमक इथून येते.

कापसाच्या तंतूला लोकरीची लवचीकता नसते. सुती धाग्याचा सुयांवर विणलेला स्वेटर जड होतो आणि धुतल्यावर लोंबतो. क्रोशाची वीण साखळ्या आणि खांबांची असल्याने घट्ट बसते, म्हणून सुताला क्रोशा जास्त मानवतो. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या जिल्ह्यात बाळाचं झबलं-टोपडं सुती धाग्याचंच बरं.

सुयांच्या आणि क्रोशाच्या आधीपासून चालत आलेली एक सूतकला अजूनही घराघरांत आहे, फक्त तिला कुणी कला म्हणत नाही. चातुर्मासात आजी मांडीवर कापूस घेऊन वाती वळते. ती सरकी काढते, तंतू मोकळे करते, ओढून एकसारखे लांबवते आणि बोटांनी पीळ देते. गिरणीतली यंत्रं हेच करतात: पिंजणं, लांबवणं, पिळणं. लक्षवातीचा संकल्प सोडलेल्या बाईच्या बोटांतून लाख वाती जातात. बीडचा कापूस बीडच्याच घरात धागा होतो तो बहुधा इथेच.

मेंढीवरचा धागा

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटाचा कोरडा, माळरानाचा पट्टा. इथली मेंढरं दख्खनी जातीची. काळ्या-करड्या अंगाची, दुष्काळ सोसणारी, मैलोन्‌मैल चालणारी. एका मेंढीपासून वर्षाला साधारण अर्धा किलो लोकर निघते. ती जाडीभरडी असते आणि तिच्यात केसांची भेसळ असते.

जाडी हा इथला कळीचा मुद्दा आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू २४ मायक्रॉनपेक्षा बारीक असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तंतू तीस मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याचं टोक वाकत नाही, कातडीत रुततं आणि अंग खाजतं. दख्खनी लोकर या रेषेच्या बरीच पलीकडे आहे. म्हणून तिचा स्वेटर होत नाही. तिची घोंगडी होते.

आणि घोंगडीला हा जाडेपणाच हवा असतो. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड दाट होतं. मेरिनोचा स्वेटर गरम पाण्यात धुतल्यावर लहान होतो, तोही याच कारणाने. स्वेटरच्या बाबतीत जी चूक, ती घोंगडीच्या बाबतीत कारागिरी. दाट झालेलं कापड आणि लोकरीतला नैसर्गिक मेणचटपणा यामुळे पावसाचं पाणी बराच वेळ आत शिरत नाही. धनगर घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात मेंढरांमागे उभा राहू शकतो. रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण.

घोंगडीसाठी लोकर पिंजून चरख्यावर कातली जाते. खड्ड्यातल्या मागावर ताणा लावण्याआधी धाग्यांना चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे केसाळ धागे एकमेकांत गुंतत नाहीत. कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर म्हणजे जावळ. माणसाच्या बाळाच्या केसांना जो शब्द, तोच इथेही. जावळाची घोंगडी सगळ्यांत मऊ आणि म्हणून महाग.

आज या लोकरीला भाव नाही. मेंढपाळाचं पोट चालतं ते मेंढरू विकून आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवून. सांगलीकडची माडग्याळ जात मटणाला सरस आणि लोकरीला नावापुरती, म्हणून कळपांत तिचं रक्त मिसळू लागलं आहे. अंगावर लोकर ठेवली तर मेंढराला त्रास होतो, म्हणून कातरणी करावीच लागते. पण कातरणीची मजुरीसुद्धा निघत नसल्याने अनेक ठिकाणी ही लोकर बांधावर टाकून दिली जाते. तिकडे शहरातल्या दुकानात परदेशी लोकरीची गुंडी काचेच्या कपाटात बसते.

पाटोदा-आष्टीला लागूनच जामखेड तालुका, आणि त्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. १७२५ मध्ये धनगर घरात जन्मलेल्या या मुलीने पुढे महेश्वरला विणकर आणून वसवले, त्यांचे माग उभे करून दिले. महेश्वरी साडीची कीर्ती अजून टिकून आहे. धागा पिकवणारा आणि विणणारा यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं, हे त्या राज्यकर्तीने ओळखलं होतं.

पानावरचा धागा

तिसरा धागा नव्याने रुजला आहे. गेल्या काही वर्षांत बीड हा महाराष्ट्रातल्या रेशीम उत्पादनात आघाडीवरचा जिल्हा झाला. तुतीला उसाच्या मानाने पाणी कमी लागतं आणि कोषांचे पैसे वर्षातून अनेकदा हातात येतात. वारंवार दुष्काळ सोसणाऱ्या शेतकऱ्याला हे परवडलं. पूर्वी कोष घेऊन कर्नाटकातल्या रामनगरच्या बाजारापर्यंत जावं लागे. आता जालन्यात आणि खुद्द बीडच्या बाजार समितीतही कोषांची खरेदी होते.

अळी जेमतेम महिनाभर पानं खाते, चार वेळा कात टाकते आणि मग चंद्रिकेवर, म्हणजे कोषासाठी ठेवलेल्या चौकटीवर, चढून स्वतःभोवती कोष विणते. चांगल्या कोषात अखंड धागा असतो, साधारण एक किलोमीटर लांबीचा. एवढा बारीक धागा एकटा वापरता येत नाही. कोष गरम पाण्यात टाकून डिंकासारखा चिकट भाग मऊ करतात, आठ-दहा कोषांची टोकं एकत्र धरतात आणि त्यांचा मिळून एक धागा गुंडाळतात. किलोभर रेशमाला सहा-सात किलो चांगले कोष लागतात. बीडचा बहुतेक शेतकरी कोष विकून मोकळा होतो. त्या कोषांचा धागा आणि पैठणी दुसऱ्या गावांत होतात.

मधली कडी

तिन्ही धाग्यांची गोष्ट एकाच ठिकाणी तुटते. कच्चा माल इथे आहे, विणणारे हात इथे आहेत, पण तंतूचा धागा करण्याचं काम बहुतेक बाहेर होतं. तंतू सुटा असतो तोवर तो ओढला की निघून येतो. पीळ दिला की तंतू एकमेकांना आवळतात आणि ओढल्यावर आणखी घट्ट होतात. गुंडीचं टोक उलटं पिळून पाहा. दोन, तीन, चार पदर सुटे होतील. प्रत्येक पदराचा पीळ एका दिशेला आणि सगळ्यांना मिळून दिलेला पीळ उलट्या दिशेला असतो. दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, म्हणून धागा स्वतःभोवती गुरफटत नाही. वेष्टणावरचे ‘तीन प्लाय’, ‘चार प्लाय’ म्हणजे हेच पदर.

चिमूटभर रुई आणि एक टकळी घेऊन बसलं तर ही सगळी विद्या अर्ध्या तासात बोटांना कळते. पहिल्या दिवशी धागा गाठीगाठीचा निघेल आणि तुटेल. आठवड्याने तो क्रोशाला चालण्याजोगा होईल. दख्खनी लोकरही अशी कातता येते. तिचा स्वेटर नको, पण आसन, पिशवी, चपलेतला तळ, गरम भांड्याखालची चकती यांना ती अ‍ॅक्रिलिकपेक्षा कितीतरी चांगली. ती सहज पेट घेत नाही आणि वितळत तर नाहीच.

पेटी सांभाळायची कशी

पेटी रिकामी करायचा सल्ला कुणी ऐकणार नाही, म्हणून ती नीट ठेवायच्या चार गोष्टी. प्रत्येक गुंडीसोबत तिचं वेष्टण ठेवा. ते हरवलं असेल तर धागा, वजन आणि कुठून आणली याची चिठ्ठी लावा. नवीन काम सुरू करण्याआधी चार इंचांचा तुकडा विणून टाके मोजा. एका इंचाला अर्ध्या टाक्याचा फरक पडला तरी छातीच्या मापात दोन-तीन इंचांचा घोळ होतो. उसवलेली लोकर वाकडीतिकडी असते. तिची सैल लडी करून चार ठिकाणी बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि लोंबती ठेवून वाळवा. खरी लोकर सरळ होते, अ‍ॅक्रिलिक थोडं हट्ट धरतं. मात्र अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री दाबू नका. त्याचा फुगीरपणा कायमचा जातो.

खऱ्या लोकरीला आणि रेशमाला कसर लागते. उन्हात झटकून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवलेलं बरं. डांबराच्या गोळ्या बाळाच्या कपड्यांत घालू नका, त्यांची वाफ तान्ह्या मुलांना बाधू शकते.

नीट सांभाळलेलं सूत किती टिकतं याचा दाखला बीड जिल्ह्यातच आहे. संतकवी दासोपंत (१५५१–१६१५) यांनी ‘पंचीकरण’ हा वेदान्ताचा विषय कागदाऐवजी पासोडीवर, म्हणजे जाड सुती कापडावर लिहून काढला. सुमारे चाळीस फूट लांबीची ती पासोडी अंबाजोगाईत जपलेली आहे. दुष्काळ आले, राज्यं बदलली, गावाचं नावही मोमिनाबाद होऊन पुन्हा अंबाजोगाई झालं. सूत चारशे वर्षं टिकलं, कारण प्रत्येक पिढीत कुणीतरी ते काय आहे हे ओळखून सांभाळलं.

आपल्या पेटीतल्या सगळ्या गुंड्यांना एवढं आयुष्य नको आहे. पण त्या कशाच्या आहेत, एवढं तरी ठाऊक असावं. पुढच्या खेपेला दुकानात ‘लोकर द्या’ म्हणाल तेव्हा दोन शब्द आणखी विचारा: ‘मेंढीची का?’ गिऱ्हाईक विचारू लागलं की दुकानदार शोधू लागतो, आणि दुकानदार शोधू लागला तर बांधावर पडलेल्या लोकरीला पाटोद्याहून बीडपर्यंत यायला वाट मिळेल.